मिनीची मागची सबफ्रेम बदलताना

मागच्या ब्रेकचा पाइप बदलायला म्हणून मी गाडीखाली शिरले होते. पाइपची क्लिप गंजून बसली होती, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने ती उचकटू लागले, तेव्हा त्याचे टोक क्लिपवरून सरकले आणि सबफ्रेमच्या, म्हणजे मागची चाके जिला जोडलेली असतात त्या पोलादी चौकटीच्या, उजव्या बाजूच्या पत्र्यात जवळजवळ मुठीपर्यंत आत गेले. ते बाहेर काढताच त्या भोकातून ओल्या गंजाची भुकटी आणि माती माझ्या चष्म्यावर पडली. बाहेरून पाहिले तर त्या जागी काळ्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर होता आणि वर्षभरापूर्वी गाडी विकत घेताना मी त्याच थरावर हात फिरवून समाधान मानले होते. धातूंच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या माणसाने रंगावर विश्वास ठेवायला नको होता, ही खंत मला त्या दिवसापासून आहे.

गाडी १९७९ सालची मिनी १००० आहे. ९९८ सीसीचे इंजिन, दहा इंची चाके, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आम्ही बर्मिंगहॅमच्या दक्षिण भागात राहतो आणि २००० सालच्या ऑक्टोबरपर्यंत जिथे ही गाडी बनत होती तो लाँगब्रिजचा परिसर आमच्यापासून फार लांब नाही. त्यामुळे इथे मिनीविषयी सांगणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात. त्यांतल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली: मागची सबफ्रेम गंजणारच, प्रश्न फक्त कधी एवढाच असतो.

मिनीची बॉडी हीच तिची चासी आहे, पण चाके मात्र थेट बॉडीला जोडलेली नाहीत. पुढे एक आणि मागे एक अशा पोलादी पत्र्याच्या दोन स्वतंत्र चौकटी बॉडीला खालून बोल्टने आवळलेल्या असतात. पुढच्या चौकटीत इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन बसते, तर मागच्या चौकटीत फक्त मागचे सस्पेन्शन. मिनीचे रचनाकार अलेक इसिगोनिस यांच्या सुरुवातीच्या नमुन्यांत अशा चौकटी नव्हत्या. सस्पेन्शनचा मार थेट बॉडीच्या पत्र्यावर येऊन तिथे तडे जाऊ लागले, तेव्हा तो भार मोठ्या क्षेत्रावर पसरवण्यासाठी त्या आल्या. शिवाय मिनीत लोखंडी स्प्रिंगच नाही. अ‍ॅलेक्स मोल्टन यांनी तिच्यासाठी रबराचे शंकू तयार केले आणि मागच्या सबफ्रेममध्ये हे शंकू आडवे बसवलेले आहेत. चाक वर उचलले गेले की चाकाचा दांडा, म्हणजे रेडियस आर्म, एका ट्रम्पेटच्या आकाराच्या तुकड्यामार्फत तो शंकू दाबतो. म्हणजे ज्या चौकटीला मी भोक पाडले होते, तिच्यावर गाडीच्या मागच्या भागाचे वजनच नव्हे, तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का कितीतरी पटींनी वाढून येत होता. तिच्या बाजूच्या दोन पेट्या आतून पोकळ आहेत. त्यांत चाकांनी उडवलेली माती आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ साचते, ते कधी पूर्ण वाळत नाही आणि पत्रा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरचा रंग सगळ्यात शेवटी जातो.

पहिला विचार अर्थातच ठिगळ मारण्याचा होता. ते मी दोन दिवसांत सोडून दिले, कारण चांगला पत्रा कुठे सुरू होतो ते शोधत छोट्या हातोडीने ठोकत गेले आणि चांगला पत्रा लागेचना. त्याखेरीज पेटीच्या आकाराच्या भागावर बाहेरून ठिगळ लावले की आतला गंज तसाच राहतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा उरलासुरला थरही जळून जातो. तेव्हा नवी चौकट घ्यायची हे ठरले, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली, कारण पर्याय पुष्कळ होते आणि प्रत्येकाची बाजू मांडणारा कोणीतरी भेटतच होता.

नळीच्या पोलादाची वेल्ड केलेली चौकट घ्यावी, तिला कॉइल स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र लावावेत, म्हणजे गंजणाऱ्या पेट्यांचा प्रश्नच मिटतो, असे एकाचे म्हणणे होते. दुसऱ्याने मागची संपूर्ण चौकट काढून एकच आडवा बीम लावण्याचा सल्ला दिला, कारण तो हलका असतो आणि शर्यतीच्या गाड्यांना लावतात. या दोन्ही गोष्टी मी गांभीर्याने तपासल्या. त्यांत कारागिरी चांगली असते, हे मान्य करायला हवे. पण आडव्या बीमचा सगळा भार ज्या ठिकाणी बॉडीला मिळतो, त्या ठिकाणी चाळीस वर्षांच्या पत्र्याची अवस्था काय आहे हे मला ठाऊक होते. दुसरी गोष्ट नियमाची. ब्रिटनमध्ये २०१८ सालच्या मे महिन्यापासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही, परंतु गाडीत मोठा बदल केलेला असेल तर ही सूट मिळत नाही. सस्पेन्शनचा प्रकार किंवा पद्धत बदलणे हा असा मोठा बदल मानला जातो. उलट, मोनोकॉक (म्हणजे स्वतःच चासी असलेली) बॉडी आणि तिच्या सबफ्रेम मूळ धाटणीच्याच बदलल्या तर तो मोठा बदल ठरत नाही. ही सूट वापरण्याची मला घाई नव्हती, मी गाडी आजही दरवर्षी तपासून घेते. पण गाडी कागदोपत्री आणि प्रत्यक्षातही १९७९ सालचीच राहावी, ही माझी इच्छा होती. रबराच्या शंकूंवर चालणारी मिनी रस्त्याशी जसे बोलते तसे कॉइल स्प्रिंगवरची मिनी बोलत नाही, आणि मी गाडी त्या चालीसाठीच घेतली होती.

म्हणून मूळ धाटणीची, दाबलेल्या पत्र्याची चौकट घ्यायचे ठरले. त्यातही दोन प्रकार बाजारात होते: मूळ साच्यांवर बनवलेली महाग चौकट, आणि कोणीतरी नमुना पाहून स्वतःच्या साच्यावर बनवलेली, जवळजवळ निम्म्या किमतीची. मी स्वस्त चौकट मागवली. चकचकीत काळी पावडर कोटिंग केलेली ती चौकट खोक्यातून काढल्यावर इतकी सुंदर दिसली की तशीच उचलून गाडीखाली लावावी असे वाटले.

त्या रविवारी कोल्हापूरला आप्पांना फोन केला. आप्पांनी उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथ आणि फिटिंगचे काम केले आहे. मिनी त्यांनी फोटोतच पाहिली आहे, पण फिटिंग म्हणजे काय ते त्यांच्याइतके मला कोणी शिकवलेले नाही. मी कौतुकाने चौकटीचे फोटो पाठवले. त्यांनी रंगाविषयी एक अक्षरही काढले नाही. ‘‘अगं, भोकं मापलीस का?’’ एवढेच विचारले. नवी आहे, बरोबरच असणार, असे मी म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नवी म्हणजे कुणीतरी नव्यानं चुकवलेलीपण असू शकते. आधी कोरडी बसवून बघ.’’

कोरडी, म्हणजे काही न आवळता नुसती जुळवून, बसवायची तर जुनी आधी काढायला हवी होती. म्हणून मी निदान मापे तरी घ्यायचे ठरवले आणि त्यासाठी आप्पांनी सांगितलेला उपाय केला. गाडी चार स्टँडवर समपातळीत उभी केली, बॉडीवरच्या चार जोडणीच्या ठिकाणांपासून ओळंबा सोडला, गॅरेजच्या फरशीवर खडूने खुणा केल्या आणि त्यांचे दोन्ही कर्ण मोजले. दोन कर्णांत दोन मिलिमीटरचा फरक निघाला. हाताने ओढलेल्या दोरीच्या मोजणीत तेवढा धरूनच चालावे, म्हणजे बॉडी सरळ होती आणि पूर्वी कधी मागून मोठा ठोकर बसलेला नव्हता. हे कळल्यामुळे माझ्या मनावरचे ओझे निम्मे उतरले, कारण बॉडीच वाकडी असती तर कोणतीही चौकट योग्य ठरली नसती. मग नवी चौकट उलटी करून टेबलावर ठेवली आणि तीच मापे तिच्यावर घेतली. बॉडीला जोडणारी चारही भोके ठीक होती. पण रेडियस आर्मच्या पिव्होटचे बाहेरचे टोक ज्या ब्रॅकेटने धरले जाते, त्या ब्रॅकेटची उजवीकडची भोके डावीकडच्यांपेक्षा पाच मिलिमीटर मागे होती. त्या पिव्होटची लांबी पाहता पाच मिलिमीटर म्हणजे चाकाच्या दिशेत एक अंशाहून अधिक चूक. गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालली असती आणि उजवे टायर वर्षभरात घासून गेले असते. विक्रेत्याचे म्हणणे पडले की समायोजन करता येणारे ब्रॅकेट लावा, म्हणजे भागेल. असे ब्रॅकेट मिळतात आणि बारीक जुळवणीसाठी ते उपयोगीही आहेत, पण चौकटीची चूक झाकण्यासाठी ते वापरणे मला पटले नाही. चौकट परत पाठवली, मूळ साच्यावरची मागवली, ती आली तेव्हा पुन्हा तीच मापे घेतली आणि या वेळी दोन्ही बाजूंत एक मिलिमीटरपेक्षा कमी फरक निघाला.

तिच्यावर फक्त पातळ काळा कारखानी प्रायमर होता, आणि इथे माझ्या स्वतःच्या विषयाचा भाग आला. अनेकांनी चौकट गरम जस्तात बुडवून घ्यायला सांगितले होते. जस्ताचा थर उत्तमच असतो, पण ते जस्त साधारण ४५० अंश सेल्सिअसला वितळलेले असते आणि पातळ पत्र्याच्या, ठिकठिकाणी वेल्ड केलेल्या पेटीला त्यात बुडवले की वेल्डिंगच्या वेळी पत्र्यात अडकून राहिलेले ताण मोकळे होतात, त्यामुळे चौकट पिळवटू शकते. मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप केल्यावर तो धोका मला नको होता. पावडर कोटिंगही मी नाकारले. त्याचा जाड थर बोल्टच्या डोक्याखाली हळूहळू दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. शिवाय एखादा खडा लागून टवका उडाला की थराखाली पाणी शिरते आणि वरून काही दिसत नाही. गाडीखालच्या जुन्या चौकटीने मला हेच शिकवले होते. म्हणून एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर साधा काळा चासी पेंट, तोही जोडणीच्या सर्व सपाट जागा टेपने झाकून, एवढेच केले. फोनला जोडायच्या बारीक कॅमेऱ्याने पेट्यांच्या आत पाहिले तर कोपऱ्यांत उघडा पत्रा दिसला. त्याचा बंदोबस्त बसवल्यानंतर मेणाने करायचा होता.

जुनी चौकट काढायला तीन शनिवार-रविवार गेले. मागच्या सीटखालच्या उभ्या पत्र्याला, ज्याला इथे हीलबोर्ड म्हणतात, चौकटीच्या पुढच्या दोन जोडण्या प्रत्येकी दोन बोल्टने आवळलेल्या असतात. त्या बोल्टचे नट पत्र्याच्या आत वेल्ड केलेले असल्यामुळे बोल्ट तुटला किंवा नट आतल्या आत फिरू लागला, तर कामाचे स्वरूपच बदलते. म्हणून मी आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांवर भेदक तेल सोडत होते, आणि पाना लावताना आधी थोडा आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या दिशेने, असे करत गेले. तीन बोल्ट सुटले. चौथ्याला गॅसच्या ज्योतीने उष्णता द्यावी लागली, पण त्याआधी पेट्रोलची टाकी डिकीतून काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. डाव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा वरचा नट टाकीच्या मागे दडलेला असल्याने ती तशीही हलवावी लागणारच होती. हँडब्रेकची केबल ज्या छोट्या पंख्यासारख्या तुकड्यांवरून चाकाकडे वळते, ते दोन्ही तुकडे आपल्या पिव्होटवर गंजून ठार बसले होते. मागचा हँडब्रेक एका बाजूनेच का लागत होता, याचे उत्तर तिथे मिळाले. ते तुकडे नवेच घेतले.

रेडियस आर्मही या निमित्ताने उघडले. एका टोकाला सुईसारख्या रोलरचे बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला काशाचा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळी, अशी त्यांची रचना आहे. ग्रीस पोचले नाही की बेअरिंगचे रोलर पिव्होटच्या दांड्यावर खोल चरे पाडतात आणि माझ्या उजव्या दांड्यावर ते नखाला लागत होते. नवा बुश ठोकून बसवणे सोपे आहे, पण बसल्यावर त्याचे भोक आतून रीमरने मापात आणावे लागते आणि रीमर दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगशी एका सरळ रेषेत चालला पाहिजे. त्याचे मार्गदर्शक साधन माझ्याकडे नव्हते, म्हणून हे एक काम मी जवळच्या यंत्रशाळेकडून करवून घेतले. दोन्ही आर्म हातात परत आल्यावर मी दांडा आत सरकवला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश, कुठेही न अडकता उतरला, तेव्हा मी तो पुन्हा पुन्हा वर काढून सोडत राहिले.

चौकट बसवण्याच्या दिवशी गंजविरोधी ग्रीस लावलेले सगळे बोल्ट हातानेच दोन-तीन आटे धरतील एवढे फिरवले. एकही बोल्ट पूर्ण आवळण्याआधी सगळे बोल्ट सुरू झालेले असले पाहिजेत, नाहीतर शेवटचे भोक पाहिजे तिथे येत नाही. नव्या रबरी बुशांमुळे मागच्या दोन जोडण्या डिकीच्या तळाला भिडायला कुरकुरत होत्या. त्यांना पहारीने ढकलण्याऐवजी ट्रॉली जॅकने चौकट दोन-दोन मिलिमीटर वर घेत गेल्यावर त्या आपणहून बसल्या. मागच्या सस्पेन्शनला शंकू दाबण्याचे साधन लागत नाही. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुटा असताना आर्म पुरेसा खाली येतो, शंकू आणि ट्रम्पेट जागेवर ठेवून आर्म वर उचलला की काम होते. मात्र ट्रम्पेटच्या टोकाचा गोळा नायलॉनच्या वाटीत नीट बसला आहे ना, हे हात घालून पाहावे, कारण तो काठावर अडकला तर पहिल्याच खड्ड्यात वाटी फुटते. पुढच्या जोडण्यांतल्या रबरातून जाणारे बोल्ट मी गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यावरच शेवटचे आवळले, म्हणजे रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहत नाही.

पुढच्या सबफ्रेमबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिने फार छळले नाही. १९७६ सालापर्यंतच्या मिनीत पुढच्या चौकटीचे प्रत्येक टॉवर (बाजूचा उभा भाग) दोन बोल्टने बॉडीला आवळलेले असते, त्यानंतरच्या गाड्यांत एकच मोठा बोल्ट आणि रबरी जोडणी असते. शेवटच्या काळातल्या, १९९६ नंतरच्या गाड्यांत रेडिएटरच पुढे गेल्यामुळे चौकट पुन्हा वेगळी. म्हणून कोणी स्वस्तात पुढची सबफ्रेम देऊ करत असेल तर आधी टॉवरचे बोल्ट मोजावेत आणि गाडीचे साल विचारावे. शेजाऱ्यांच्या मदतीने बॉडी वर उचलून आम्ही माझी पुढची चौकट इंजिनासकट खाली सोडली, इंजिन काढून ती वाळूच्या माऱ्याने साफ करून घेतली आणि प्रत्येक वेल्ड भिंगाखाली तपासला. इंजिनचे तेल चाळीस वर्षे गळत राहिल्याने ती जवळपास जशीच्या तशी टिकली होती. तीच रंगवून परत लावली, फक्त रबरी जोडण्या आणि खालच्या आर्मचे बुश नवे घातले. रबराऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या घट्ट जोडण्या लावल्या की गाडी वळणावर अधिक तत्परतेने वळते, हे खरे आहे. पण त्याबरोबर इंजिनचा सगळा आवाज आणि थरथर पायापर्यंत पोचते, आणि मला या गाडीत मुलीला शाळेत सोडायचे असते. पुढचे शंकू दाबायला मात्र टॉवरच्या तोंडातून आत जाणारे साधन लागतेच, आणि माझ्या सालच्या गाडीला त्याचे आटे मेट्रिक हवेत, हे मागवण्यापूर्वी पाहून ठेवावे.

दिशा जुळवण्यासाठी चार स्टँड आणि दोन दोऱ्या पुरल्या. गवंडी भिंत उचलताना दोरी ताणतो तशाच गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासूनचे अंतर मोजले. मिनीच्या मागच्या चाकांना साधारण तीन मिलिमीटर टो-इन (चाकांची पुढची कड किंचित आत वळलेली) आणि एक अंश धन कॅम्बर (चाकांचा वरचा भाग बाहेर झुकलेला) असावा लागतो, तर पुढच्या चाकांना याउलट सुमारे दीड मिलिमीटर टो-आउट (पुढची कड बाहेर वळलेली). मागे मला एकंदर साडेतीन मिलिमीटर मिळाले आणि ते दोन्ही चाकांत जवळजवळ सारखे विभागलेले होते. एकही पातळ वॉशर भरावा लागला नाही. आप्पांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी आधी मोजण्याची रीत विचारली, दोरी कशाला बांधली होती तेही विचारले आणि मग म्हणाले, ‘‘झालं तर. आता महिन्यानं परत माप.’’

महिन्याने खरोखरच परत मोजावे लागते, कारण नवे रबरी शंकू वजनाखाली बसत जातात. पहिल्या दिवशी गाडी मागून इतकी उंच उभी होती की शेजाऱ्यांनी काहीतरी चुकल्याचे सुचवले. पाच आठवड्यांत ती दोन्ही बाजूंनी अठरा मिलिमीटर खाली आली, आणि चाकाची दिशा अर्ध्या मिलिमीटरने बदलली. बोल्ट पुन्हा तपासले, हीलबोर्डचा एक थोडा आवळावा लागला. त्यानंतरच्या एका कोरड्या, उन्हाच्या दिवशी मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ केला, लांब नळीने दोन्ही पेट्यांच्या आत सगळ्या दिशांनी मारला आणि खालच्या निचऱ्याच्या भोकांतून मेण ठिबकेपर्यंत थांबले नाही. ठिबकणे थांबल्यावर एक बारीक तार घालून ती भोके पुन्हा मोकळी केली, कारण जुन्या चौकटीची नेमकी तीच भोके कोणीतरी जाड काळ्या रंगाने बुजवून टाकली होती.